जीप आधी बंद करा, मग थंड करा

जुन्या जीपला एसी बसवायचा म्हणून कोणी माझ्या गॅरेजात आलं, की पहिला प्रश्न बहुधा कॉम्प्रेसरचा असतो. कुठल्या मेकचा टाकाल, किती टनाचा, गॅस किती बसेल? मी आधी हूडबद्दल विचारतो. ताडपत्रीचं आहे की रेग्झीनचं? बाजूचे पडदे चेनचे की टिचबटनांचे? दारं कापडी की पत्र्याची? गिअरच्या दांड्याचं रबर फाटलंय का? पेडलच्या मागच्या भोकांतून खालचा रस्ता दिसतो का? समोरचा माणूस जरा गोंधळतो. तो एसीसाठी आलेला असतो आणि मी त्याच्या गाडीची भोकं मोजत असतो. पण जीपच्या एसीचं निम्म्याहून जास्त काम या भोकांमध्येच आहे. ते न करता बसवलेले आणि वर्षभरात बंद पडलेले एसी मी इतके पाहिलेत, की हूड नीट करायची तयारी नसेल तर मी काम हातात घेत नाही.

मी बडोद्याचा. वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आयटीआय करून मी गाड्यांच्या एसीकडे वळलो, तेव्हा अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीला डॅशबोर्डखाली लटकवायचे एसी बाहेरून बसवले जायचे. हल्लीच्या गाडीत एसीची जागा कारखान्यातच ठरलेली असते. काय बिघडलं ते शोधायचं आणि बदलायचं. जुन्या गाडीत मात्र प्रत्येक नटाला जागा आपल्यालाच शोधून द्यावी लागते. मला ते काम तेव्हापासून आवडतं, आणि जीपचं सगळ्यांत जास्त.

आधी उन्हाचा हिशेब मांडू. मे महिन्यात दुपारी बडोद्यात पारा 42-43 अंशांवर असतो. भर उन्हात जमिनीच्या एका चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॅट उष्णता पडते. महिंद्राच्या एमएम 540 सारख्या छोट्या जीपचं छत पावणेतीन-तीन चौरस मीटरचं. म्हणजे नुसत्या छतावर तीन किलोवॅटच्या जवळपास. ती सगळी आत येत नाही, पण काळ्या ताडपत्रीखाली हात धरून बघा, किती येते ते कळेल. शिवाय बसल्या जागी प्रत्येक माणूस 100 वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. इंजिन आणि पाय यांच्यामध्ये एक साधा पत्रा, त्यावर काही नाही. पायाखाली गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस तापलेले, सायलेन्सरचा पाइप फरशीला लागून गेलेला. आणि सगळ्या फटींतून येणारी 43 अंशांची हवा वेगळीच. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. गाडीचा एसी साधारण एक-सव्वा टनाचा असतो. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जीप उघडीच राहिली तर हा एसी फक्त रस्त्याला गारवा देणार.

एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. माठातून झिरपलेलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. इथेही तेच घडतं, फक्त पाण्याच्या जागी असा द्रव असतो जो साध्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. हा आर-134ए. डॅशबोर्डखालच्या इव्हॅपोरेटरमध्ये तो उकळतो आणि आतल्या हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तापवतो, गाडीच्या तोंडाशी असलेला कंडेन्सर तिची उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो, वाफेचा पुन्हा द्रव होतो, ड्रायर त्यातला ओलावा धरतो, एक्सपान्शन व्हॉल्व्ह त्याला बारीक धारेने पुढे सोडतो, आणि फेरा पुन्हा सुरू. यात मेख अशी आहे, की कंडेन्सरला आतली उष्णता तर बाहेर टाकायची असतेच, वर कॉम्प्रेसरने घातलेली शक्तीही टाकायची असते. आणि बाहेरची हवा आधीच 43 अंशांची. म्हणून कंडेन्सर 60-65 अंशांवर चालतो. गार करणाऱ्या यंत्राचं खरं दुखणं त्याच्या गरम बाजूला असतं.

मोटारीत हे सगळं पहिल्यांदा विकत मिळालं ते अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या 1940 च्या मॉडेलमध्ये. इव्हॅपोरेटर मागे डिकीत, त्याने बरीच जागा खाल्लेली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढायचा. पुढे 1954 मध्ये नॅश कंपनीने सगळं यंत्र पुढच्या बाजूला आटोपशीर बसवून दाखवलं. जीपवाल्यांनी नॅशचे आभार मानायला हवेत, कारण जीपला डिकीच नाही. जे काही बसवायचं ते पुढच्या टोकापासून पायांपर्यंतच्या जागेत.

जीप मुळात युद्धासाठी जन्मली. आपल्याकडे महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलिसच्या जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-3बी कित्येक वर्षं इथेच बनत राहिली. 1979 मध्ये महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. 2112 सीसी, ताकद साठ-बासष्ट घोड्यांची. ऐंशीच्या दशकात आलेल्या एमएम 540 मध्ये हेच इंजिन होतं. सरकारी खाती, शेतकरी, कंत्राटदार, जंगलखातं, सगळ्यांनी ती वापरली. तिच्या आराखड्यात एसीला जागा नाही, कारण आराखडा करणाऱ्यांनी ती कायम उघडीच धरली होती. वारा लागेल, चिखल उडेल, धूळ येईल, आणि माणूस ते सोसेल.

माणसं मात्र सोसत नाहीत. खरं सांगायचं तर सोसू नयेच. जानेवारी 2023 मध्ये आपल्या लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूट कॉन्कूर झाली तेव्हा मी बघायला गेलो होतो. जुन्या संस्थानी गाड्या मूळ रूपात, नटासकट. तिथे बाहेरचा एसी बसवलेल्या गाडीला मान मिळणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण बडोद्यातल्या बहुतेक जीप त्या हिरवळीवर जायच्या नाहीत. त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या आहेत. मालक रविवारी सुरू करून बंद करतो, घरचे बसत नाहीत, बॅटरी उतरते, ब्रेक चिकटतात, आणि एक दिवस भंगारवाला येतो. जी जीप घरच्यांना घेऊन फिरते ती टिकते, कारण तिच्यावर खर्च करायला घरात कोणी नाही म्हणत नाही. जुन्या जीपला मी एसी बसवतो तो एवढ्यासाठी.

दांडिया बाजारातल्या एका काकांचंच बघा. एमएम 540, त्यांनी स्वतः सेकंडहँड घेतलेली, डभोईकडच्या शेतावर ये-जा करण्यासाठी. आता शेती मुलाकडे आहे, काका सत्तरी ओलांडलेले. काका-काकूंचा नेम म्हणजे गरुडेश्वर. नर्मदेकाठी टेंबे स्वामींची समाधी आहे. वासुदेवानंद सरस्वती महाराजांनी 1914 मध्ये तिथे देह ठेवला. बडोद्याच्या मराठी घरांतून तिथे जाणारे खूप. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता, आणि काकांना तो जीपनेच करायचा. काकू गॅरेजात येऊन माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, ‘अहो, जीपही तुमची आणि ऊनही तुमचंच. मी एसटीने येईन मागून.’ काका मला म्हणाले, ‘अरे, हिला बसवता येईल अशी करून दे गाडी. पण एक सांगतो, पुढच्या जाळीला करवत लावायची नाही.’

मला हेच गिऱ्हाईक हवं होतं. कापायचं नाही, हे माझंही मत आहे. जुन्या गाडीत आज जे बसवू ते उद्या कोणाला तरी काढावंसं वाटेल, आणि काढल्यावर गाडी पहिल्यासारखी दिसली पाहिजे. ब्रॅकेट आहे त्याच बोल्टवर, युनिट आहे त्याच भोकांवर, वायरिंग स्वतंत्र. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून, चिठ्ठी लावून मालकाच्या हाती.

तरी सुरुवात एसीपासून झाली नाही, सायलेन्सरपासून झाली. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे सांगणारे कमी आहेत. उघड्या जीपमध्ये मॅनिफोल्डचं गॅस्केट थोडं गळत असलं तरी कळत नाही. धूर वाऱ्याबरोबर निघून जातो. तीच जीप तुम्ही बंद केली, भोकं बुजवली आणि एसी आतलीच हवा फिरवायला लागला, की तो धूर आत साठतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. डिझेलमध्ये त्याचं प्रमाण पेट्रोलपेक्षा कमी असतं, पण जुन्या, पंप बिघडलेल्या इंजिनाचा भरवसा कोणी देऊ नये. म्हणून मॅनिफोल्डचं गॅस्केट नवीन, डाउन पाइपचा जोड नवीन, आणि सायलेन्सरचं तोंड मागच्या पडद्याच्या पुढे कापलेलं असेल तर ते पूर्ण मागे नेणं. पडदे लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. शंभर-दीडशे रुपयांच्या गॅस्केटचा आळस इथे परवडत नाही.

मग फरशी. पूर्वी लोक मॅटखाली जाड नमदा घालायचे. आवाज आणि उष्णता दोन्ही अडतात. पण नमदा पाणी धरून ठेवतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर कितीतरी गाड्यांच्या मॅट उचलल्या तेव्हा खाली ओला लगदा आणि गंजलेला पत्रा निघाला. जीपमध्ये पाणी येणारच, पावसाचं असो की ओढ्याचं. म्हणून मी बंद छिद्रांचा नायट्रिल रबराचा शीट चिकटवतो, जो पाणी पीत नाही. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याला आतून तोच, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा. गिअरच्या दांड्यांना नवीन रबरी बूट, पेडलच्या भोकांना फ्लॅप, आणि वायरी जातात तिथे ग्रोमेट. या कामाला दिवस जातात आणि पूर्ण झाल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. मालकाला वाटतं, अजून काही केलंच नाही.

हूडसाठी आमच्याकडे जुने रेग्झीनवाले आहेत, जीपचं माप पाठ असलेले. काकांचं हूड दुहेरी केलं: बाहेर फिक्या रंगाचं जाड कापड, मध्ये पातळ फोम, आतून पांढरं अस्तर. काळा रंग काकांना आवडायचा. फिका का, ते त्यांना उन्हात दोन तुकडे ठेवून हात लावायला सांगितलं तेव्हा पटलं. बाजूचे पडदे चेनचे, खालची कड दाराच्या पत्र्यावर चार बोटं उतरलेली. एवढं झाल्यावर, एसीचा एकही भाग न बसवता, काकांनी सांगितलं, की पाय भाजायचे थांबलेत.

आता इंजिनाकडे. साठ-बासष्ट घोड्यांच्या इंजिनातून कॉम्प्रेसर तीन ते पाच घोडे खातो. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, चढावर जाणवतं, आणि थांबलेल्या गाडीत सगळ्यांत जास्त. आयडलवर इंजिनाला तेवढं ओझं झेपत नाही, गाडी थरथरते, कधी बंद पडते. त्यासाठी पंपाच्या लिव्हरला आयडल-अप जोडतो. एसी चालू झाला की तो लिव्हर किंचित ओढून धरतो. कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटला मी 10 मिलिमीटरची प्लेट वापरतो आणि लेथवर नेऊन तिची बसायची बाजू सपाट करून घेतो. डिझेलचा थरथराट पातळ पट्टीला सहा महिन्यांत तडा देतो. क्रँकची पुली आणि कॉम्प्रेसरची पुली एका रेषेत हवी. ती रेषा एक-दोन मिलिमीटरने चुकली, तरी पट्टा कडेने झिजतो आणि ओरडतो. महिंद्राच्याच नंतरच्या एमडीआय इंजिनाला हे काम सोपं, कारण त्याच घराण्याचं इंजिन बोलेरोत होतं आणि ब्रॅकेट बाजारात मिळतो. प्यूजोच्या इंजिनाला हाताने घडवावा लागतो.

सगळ्यांत जास्त डोकं लागलं ते कंडेन्सरला. जीपची जाळी म्हणजे पत्र्यात कापलेल्या सात उभ्या फटी. त्यामागे रेडिएटर. या दोघांच्या मध्ये कंडेन्सर सरकवला, की रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते, आणि इंजिन गरम व्हायला लागतं. म्हणून बरेच जण जाळी कापून मोठी करतात. काकांनी ते आधीच बंद केलं होतं. मग रेडिएटर खोलून त्याचा कोअर तीन लाइनचा करून घेतला, इंजिनाच्या पंख्याभोवती पत्र्याचं कडं बसवलं, म्हणजे पंखा हवा कडेने न फिरवता कोअरमधूनच ओढेल, आणि पॅरलल-फ्लो कंडेन्सर घेतला. हा जुन्या नागमोडी कंडेन्सरपेक्षा त्याच जागेत जास्त उष्णता टाकतो. पुढे बारा इंची इलेक्ट्रिक पंखा. जीपचा स्वतःचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो. रावपुऱ्याच्या गर्दीत इंजिन हळू, तर पंखाही हळू, नेमकं तेव्हाच कंडेन्सरला हवा हवी असते. इलेक्ट्रिक पंख्याशिवाय शहरात एसी चालत नाही.

हे सगळं जमलं की नाही ते गेज सांगतं. निळ्या गेजवर, म्हणजे लो साइडला, 30 ते 40 पाउंडांचा दाब, लाल गेजवर उन्हाळ्यात 230 ते 260. लाल काटा 300 च्या पुढे गेला, की कंडेन्सरला हवा पुरत नाही असं समजावं. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी गॅस काढून काटा खाली आणतात. काटा उतरतो, गारवाही उतरतो.

विजेचा हिशेब पुन्हा वेगळा. ब्लोअर 10 अँपिअरच्या आसपास, इलेक्ट्रिक पंखा तेवढाच, क्लच चार. रात्री हेडलाइटचे आणखी दहा, पावसात वायपर. जुना अल्टरनेटर पस्तीस-चाळीस अँपिअरचा, तोही पूर्ण वेगाला. आयडलवर त्याची अर्धीही वीज येत नाही. तेव्हा बॅटरी दर फेरीला थोडी थोडी रिकामी होते, आणि मालक दोष बॅटरीला देतो. काकांच्या गाडीला 65 अँपिअरचा अल्टरनेटर घातला, आणि एसीची सगळी वायरिंग बॅटरीपासून स्वतंत्र, फ्यूज आणि रिले लावून. जुन्या इग्निशन स्विचमधून हा करंट नेला तर स्विच वितळतो. जुन्या गाड्यांना लागलेल्या आगींची चौकशी कराल तर अशा उसन्या वायरी खूप सापडतील.

इव्हॅपोरेटरचं युनिट डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला. गुडघ्यांची जागा थोडी जाते. काकूंनी बसून पाहिलं आणि दोन बोटं वर घ्यायला सांगितलं, तसं घेतलं. युनिटमधून निघणारं पाणी बाहेर जायची नळी उताराने फरशीतून खाली काढायची, मध्ये कुठेही झोळ नको, नाहीतर पाणी साचून पायांवर येतं. हे पाणी बघून लोक गळती समजतात. ते हवेतलं बाष्प आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याची हवा इतकी दमट असते, की नळीतून धार लागते. पावसाळ्यात पडदे लावलेल्या जीपची काच आतून धुकटते आणि एका हाताने फडकं फिरवत चालवावं लागतं; एसी ती हवा कोरडी करतो आणि काच काही मिनिटांत स्वच्छ होते. एसी उन्हाळ्यासाठी बसवतात, पण मला विचाराल तर जीपला त्याचा मोठा उपयोग पावसात आहे.

सगळे पाइप इंजिन आणि बॉडीच्या मध्ये हलणारे, म्हणून ते बॅरियर होजचे. आधी नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं. मग व्हॅक्यूम पंप, निदान पाऊण तास. इतक्या कमी दाबाला आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून निघून जातं. ओलावा राहिला तर तो व्हॉल्व्हपाशी बर्फ होऊन अडकतो आणि तेलाबरोबर आम्ल तयार करतो. गॅस काट्यावर तोलून भरायचा, अंदाजाने नाही. अशा लहान यंत्रणेला पाचशे ते सातशे ग्रॅम पुरतो. स्वस्त डब्यांत कधी कधी ज्वलनशील गॅसची भेसळ असते. पायांजवळच्या युनिटमध्ये तो भरणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि गॅस हवेत सोडायचा नाही. जुन्या एसींमध्ये आर-12 हा सीएफसी गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो हे कळल्यावर 1987 मध्ये माँट्रियलचा करार झाला, आणि भारताने 2008 मध्ये सीएफसीचं उत्पादन थांबवलं. आर-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 1,300 ते 1,400 पट भारी आहे. 2016 च्या किगाली कराराप्रमाणे असे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. भारताची कपात 2032 पासून सुरू होते. माझ्याकडे गॅस परत ओढून घेणारं मशीन आहे. प्रत्येक गॅरेजात ते हवं. ऊन वाढलं म्हणून एसी लावायचा, आणि त्याच एसीच्या गॅसने ऊन आणखी वाढवायचं, हे मला बघवत नाही.

कायद्याचंही बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. बोल्टवर बसणाऱ्या एसीने इंजिन, चासी, बॉडी काहीच बदलत नाही. पण एसी चांगला चालावा म्हणून कोणी कापडी हूड काढून पत्र्याचं किंवा फायबरचं पक्कं छत घालणार असेल, तर आधी आरटीओत विचारावं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले. त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. ज्याची सीजे-3बी त्या वयाची आहे, त्याने एक छिद्रही पाडू देऊ नये.

मारुतीची जिप्सी घेऊन येणारेही पुष्कळ. 1985 साली आलेली ही गाडी, शेवटपर्यंत कारखान्याच्या एसीशिवाय विकली गेली. तिचं काम तुलनेने हलकं, कारण जिप्सी किंगचं 1300 सीसीचं इंजिन एस्टीमच्या घराण्यातलं, आणि एस्टीमला एसी होता. ब्रॅकेट, पुली जुळवून घेता येतात. हूडचं रडगाणं मात्र तिथेही तेच.

आणि ज्यांना खरंच जांबुघोड्याच्या जंगलात, ओढ्या-नाल्यांत गाडी घालायची आहे, त्यांच्यासाठी एक वेगळा स्विच बसवतो. पाण्यात शिरण्याआधी कॉम्प्रेसर आणि पुढचा पंखा बंद. फिरता पंखा पाण्यात अडकला तर पाती वाकून कंडेन्सरमध्ये घुसतात. लो गिअरमध्ये अवघड चढ चढतानाही एसी बंद ठेवावा. तिथे इंजिनाचा प्रत्येक घोडा चाकाला हवा, आणि क्लच मध्येच लागला तर गाडी हिसका देते. कंडेन्सर गाडीच्या पोटाखाली बसवा असं काही जण सुचवतात. दगड आणि चिखल ज्यांनी पाहिलाय ते सुचवणार नाहीत.

काकांची गाडी तयार झाली तेव्हा मे अर्धा सरला होता. डभोईच्या रस्त्यावर दुपारी, बाहेर 42, तोंडाशी येणारी हवा 12 अंश, पुढच्या सीटवर छातीच्या उंचीला 29. मोटारीत मिळतो तो गारवा कापडी जीपमध्ये कधीच मिळणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. मागच्या बाकावर 33-34 राहतं. काकूंचं म्हणणं, मागे कशाला बसू? डिझेलला लिटरमागे एखाद-दीड किलोमीटर कमी पडतो. खर्चाचा मोठा वाटा हूड, रेडिएटर आणि अल्टरनेटर यांनी घेतला, एसीच्या किटने त्याहून कमी. या उन्हाळ्यात दोघं गरुडेश्वरला जीपनेच गेले. येताना चांदोदलाही थांबून आले.

त्यांना मी सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. थंडीत एसी विसरून जाऊ नका. पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलावरच ओलं राहतं, आणि सुकलं की चिरतं. दिवाळीत बंद केलेला एसी चैत्रात सुरू केला, की गॅस उडालेला सापडतो, तो यामुळे. होळीच्या आधी कंडेन्सर आतल्या बाजूने पुढे असा साध्या नळाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनच्या जोरदार पाइपने नको, त्याने पंख वाकतात आणि हवेची वाट बंद होते.